३५ प्रश्न, २० मिनिटं आणि अण्णांचं घड्याळ

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी माझी भाची मोबाइल गादीवर टाकून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी पोहे भिजवत होते. ती काही बोलेना, म्हणून मीच विचारलं, "किती झाले?"

"अकरा."

"पस्तीसपैकी?"

"मावशी, येत होते गं मला. नंतर बसून परत सोडवले तर तेहतीस बरोबर आले. वेळच पुरत नाही."

ती बँकेच्या लिपिक पदाची तयारी करते आहे. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३०, अंकगणिताचे ३५ आणि बुद्धिमत्तेचे ३५ प्रश्न. एकूण एक तास, पण तो तास आपल्या मर्जीने वापरता येत नाही. प्रत्येक विभागाला २० मिनिटं बांधून दिलेली असतात. ती संपली की स्क्रीन आपोआप पुढच्या विभागावर जाते आणि मागे येता येत नाही. भाचीचे अकरा सुटले ते अंकगणिताचे. अकरा आणि तेहतीस यांच्यामधले जे बावीस प्रश्न आहेत, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे. ते तिला येतात. पण एका प्रश्नाच्या वाट्याला येणाऱ्या ३४ सेकंदांत येत नाहीत.

मला हे बावीस प्रश्न चांगले ओळखीचे आहेत. मी २०१८ पासून ग्रामीण बँकेत नोकरीला आहे. तिथवर पोचायला पाच वर्षं आणि नऊ परीक्षा गेल्या, आणि त्यातल्या निदान चार परीक्षा मी विषय येत नव्हता म्हणून हरले नाही. घड्याळ कळलं नव्हतं म्हणून हरले.

सगळ्यात जास्त लागलेली परीक्षा २०१५ची. बँक अधिकारी पदाला पूर्वपरीक्षा त्याच वर्षी सुरू झाली होती. १०० प्रश्न, ६० मिनिटं. तेव्हा विभागांना वेगळी वेळ नव्हती, तासभर कुठूनही कुठेही जाता यायचं. केंद्र नांदेडला, गावाबाहेरच्या एका कॉलेजात. परभणीहून पहाटेच्या गाडीने गेले. बोटाचा ठसा, फोटो, ओळखपत्र, रांग. संगणकासमोर बसले. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. हातात एक कोरा कागद.

मी बुद्धिमत्तेपासून सुरुवात केली, कारण तो माझा हातखंडा विषय. दुसरंच कोडं बैठक व्यवस्थेचं निघालं: गोल टेबलाभोवती आठ माणसं, काहींची तोंडं आत, काहींची बाहेर, आणि त्यावर पाच प्रश्न. कोडं इंग्रजीत. पर्याय हिंदीचा होता, पण तो वाचायला मला आणखी वेळ लागायचा. माझं शिक्षण मराठीतून झालेलं. 'लगतचा शेजारी नाही', 'डावीकडून तिसरा' हे सगळं मी आधी मनात मराठीत आणायचे आणि मग कागदावर मांडायचे. सात माणसं बसली, आठवं बसेना. पुसून परत मांडलं. परत आठवं बसेना. पाच गुण समोर दिसत होते आणि आता हातात येतीलच असं वाटत होतं. मान वर केली तेव्हा त्या एका कोड्यावर अकरा मिनिटं गेली होती. एक अट मी उलटी वाचली होती, हे मला परतीच्या गाडीत, बसमत ओलांडल्यावर कळलं.

मग गणित घाईघाईत, आणि इंग्रजीला उरली सहा मिनिटं. त्या परीक्षेत नुसती बेरीज पुरत नव्हती. प्रत्येक विभागाचा स्वतंत्र कटऑफ पार करावा लागायचा. मी इंग्रजीत अडकले. ज्या विभागातला एकही प्रश्न मला अवघड गेला नाही, त्या विभागात नापास झाले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं. मी घरी येऊन सगळं सांगितलं. कोड्याची गोष्ट ऐकून ते एवढंच म्हणाले, "एकाच सीटपाशी अकरा मिनिटं थांबलीस?"

मग त्यांनी मला त्यांच्या कामाचं सांगितलं. गाडी भरलेली. पुढची स्टेज यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाटलेली पाहिजेत, वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, लिहिलेलं पाहिजे. मध्येच लाइन चेकिंग चढलं आणि कुणी बिनतिकिटाचा सापडला तर जाब कंडक्टरला द्यावा लागतो. एखाद्या प्रवाशाने शंभराची नोट पुढे केली आणि सुटे नसले तर काय करायचं? त्याच्याशी वाद घालत उभं राहायचं नाही. तिकिटाच्या मागे बाकीची रक्कम लिहायची, तिकीट हातात द्यायचं आणि पुढच्या सीटकडे सरकायचं. गाडी रिकामी होत आली, हातात सुटे जमले की मग त्याला गाठायचं. "पैसे बुडत नसतात त्याचे," अण्णा म्हणाले, "मागं लिहिलेलं असतं. पर त्याच्यासाठी आख्खी गाडी थांबवायची नसती."

ऑनलाइन परीक्षेत 'नंतर पाहू' अशी खूण करायचं एक बटण असतं. प्रश्नाचा चौकोन जांभळा होतो. मी त्या बटणाला तोवर कधी हात लावला नव्हता. प्रश्न सोडून पुढे जाणं मला हार मानल्यासारखं वाटायचं. शाळेत आपल्याला तेच शिकवलेलं असतं: पहिल्या प्रश्नापासून सुरू करा, एकही सोडू नका, नीट पायऱ्या लिहा. शाळेच्या पेपरला तीन तास असतात आणि पेपर पूर्ण व्हावा अशा बेताने काढलेला असतो. नोकरीच्या परीक्षेचा पेपर पूर्ण होऊ नये अशा बेताने काढलेला असतो. हा फरक मला कुणी स्पष्ट शब्दांत सांगितला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती. म्हणून इथे स्पष्ट सांगते. १०० प्रश्नांचा पेपर ६० मिनिटांत सोडवून होत नाही म्हणून स्वतःला कमी समजू नका. बहुतेकांचा तो होत नाही, आणि तो होऊ नये म्हणूनच तसा बनवलेला आहे.

त्यानंतर अण्णांचं घड्याळ आमच्या अभ्यासात आलं. एचएमटी जनता, चावी द्यायचं. रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर बसायचे. मी प्रश्न वाचायला लागले की ते वेळ बघायचे आणि वहीत सेकंद लिहायचे. त्यांना प्रश्नातलं काही कळत नव्हतं. पण महिनाभरात त्या वहीतून जे कळलं ते मला कुठल्या क्लासमध्ये कळलं नव्हतं. माझा वेळ अवघड प्रश्नांत जात नव्हताच. अवघड प्रश्न मी पटकन ओळखायचे आणि टाळायचे. वेळ जात होता तो 'आता येईलच' अशा प्रश्नांत. जो प्रश्न ५० सेकंदांत सुटला नाही, तो बहुतेकदा दोन मिनिटांतही सुटलेला नसायचा. अण्णांच्या अक्षरातले ते आकडे एका खाली एक बघितल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही. मी माझ्यापुरता नियम केला: २० सेकंदांत पहिली पायरी दिसली नाही तर खूण करून पुढे.

दुसरं जे कळलं ते जास्त महत्त्वाचं. वेग हात भरभर चालवून येत नाही. भाचीलाही मी परवा हेच दाखवलं. प्रश्न असा: ८००० रुपयांवर द.सा.द.शे. ५ दराने २ वर्षांचं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक किती? ती लगेच मांडायला बसली. सरळव्याज ८००. मग ८०००ला १.०५ने दोनदा गुणून रास ८८२०, चक्रवाढ व्याज ८२०, फरक २०. उत्तर बरोबर, पण दीड मिनिट. मी विचारलं, पहिल्या वर्षी दोन्ही व्याजांत फरक असतो का? नाही. दुसऱ्या वर्षी कशाचा फरक पडतो? पहिल्या वर्षाच्या व्याजावर जे व्याज मिळतं, तेवढाच. पहिल्या वर्षाचं व्याज ४००. त्याचे ५ टक्के २०. संपलं. हे सूत्र म्हणून पाठ केलं की परीक्षेच्या धावपळीत विसरतं. खातेदाराचे पैसे कसे वाढतात ते डोळ्यांपुढे आणलं की दहा सेकंदांत येतं आणि विसरत नाही. तसंच अपूर्णांकांचं. ३७.५ टक्के म्हणजे ३/८, ८३.३३ टक्के म्हणजे ५/६, हे नाव घेतल्यासारखं आठवलं पाहिजे. ६४९.८चे ३९.९७ टक्के विचारले तर ६५०चे ४० टक्के करून २६० म्हणायचं, कारण तिथे प्रश्नच 'अंदाजे किती' असा असतो. ३० पर्यंतचे पाढे, ३० पर्यंतचे वर्ग. हे पाठांतर वाया जात नाही. सेकंद वाचतात ते इथेच.

२०१७ साली मी ग्रामीण बँकेच्या ऑफिस असिस्टंट पदाची पूर्वपरीक्षा दिली. ८० प्रश्न, ४५ मिनिटं. बुद्धिमत्तेचे ४० आणि गणिताचे ४०, वेळ एकत्र. भागाकार केला तर प्रश्नाला ३४ सेकंदसुद्धा येत नाहीत. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जायचा. मी ५८ सोडवले. बावीस प्रश्नांना हात लावला नाही, आणि त्यातल्या निदान सहा-सातांची उत्तरं मला येत होती. ती तशीच सोडून उठताना हात थरथरत होते. आधी जमलं नव्हतं ते त्या दिवशी जमलं, ते एवढंच. मुख्य परीक्षा दोन तासांची, २०० प्रश्नांची. तिचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सवय झाली होती.

आता विभागवार वेळेबद्दल. लिपिक आणि अधिकारी या परीक्षांत ती आल्यापासून पुष्कळ मुलं तक्रार करतात, की ज्याचं गणित पक्कं आहे त्याला तिथे वेळ वाचवून इंग्रजीला देता येत नाही. तक्रार खरी आहे. तरीही मी २० मिनिटांच्या खिडकीच्या बाजूने आहे. एकत्र तासात एका विभागात फसलेली बाई तिन्ही विभाग घालवून बसते, हे मी स्वतः भोगलं आहे. खिडकी बंद होते तेव्हा नुकसानही तिथेच थांबतं. पुढची २० मिनिटं कोरी करकरीत मिळतात. गावाकडच्या, पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना हा मोठा आधार आहे.

भाषेचं तर याहून मोठं. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण बँकांच्या भरतीच्या परीक्षा मराठीसह १३ प्रादेशिक भाषांतून घ्यायचं ठरवलं. २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांच्या लिपिक भरतीसाठीही तेच सांगितलं. बातमी वाचली तेव्हा मला ते गोल टेबल आठवलं. ३४ सेकंदांतले आठ-दहा सेकंद जर मी इंग्रजी मनात मराठीत आणण्यात घालवत असेन, तर माझी परीक्षा २४ सेकंदांची होती आणि शेजारच्या मुलीची ३४ सेकंदांची. वेळ सगळ्यांना सारखी असते असं आपण म्हणतो. भाषा सारखी नसेल तर वेळही सारखी राहत नाही. तरीही मी भाचीला सांगते, सरावाच्या वेळी दोन्ही भाषांतले प्रश्न बघत जा. कधी कधी भाषांतर इतकं अवघड असतं की मूळ वाचल्याशिवाय अट कळत नाही.

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपरही मी एकदा दिला, २०१४ ला. सीसॅट, म्हणजे उताऱ्यांचं आकलन आणि बुद्धिमत्ता. ८० प्रश्न, दोन तास, म्हणजे प्रश्नाला दीड मिनिट. बँकेच्या सवयीने ते मला ऐषआरामाचं वाटलं. बसल्यावर कळलं की उतारेच एवढे लांब की वाचण्यातच निम्मा वेळ जातो. वर उत्तरपत्रिकेवरचे गोल काळ्या पेनने भरायचे. एका गोलाला पाच सेकंद धरले तरी ८० गोलांना जवळजवळ पावणेसात मिनिटं होतात. हे कुणी हिशेबात धरत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत गोल भरायला बसलेल्या मुलांचे एक ओळ चुकून सगळे गोल घसरलेले मी पाहिले आहेत. आता तो पेपर ३३ टक्क्यांपुरता पात्रतेचा केला आहे. तेव्हा त्याचे गुण यादीत धरले जायचे.

नोकरी लागल्यावर, काउंटरवर बसल्यावर मात्र माझ्या मनात एक प्रश्न आला, तो अजून गेलेला नाही. ही एवढी घाई मला कशासाठी शिकवली?

आमच्या शाखेत महिन्याच्या सुरुवातीला श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घ्यायला म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. शेतात राबलेल्या आजीच्या बोटावरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र ठसा घेत नाही. अंगठा पुसायचा, ओला करायचा, दुसरं बोट लावून बघायचं, परत पहिलं. चार-पाच वेळा तरी. मध्ये आजी विचारते, "बाई, पैसे आलेत ना गं?" तिला आधी धीर द्यायचा असतो. तिथे ३४ सेकंदांत काहीच होत नाही. कर्जाच्या कागदावर सही घेताना शेतकऱ्याला हप्ता, व्याज, पुनर्गठन समजावून सांगायला वीस मिनिटं लागतात, आणि ती द्यावीच लागतात. ज्याने हे घाईत उरकलं त्याच्या खात्यांचा त्रास पुढे आम्ही सगळे निस्तरतो. माझ्या कामात वेग लागतो तो नोटा मोजताना आणि दिवसअखेर कॅश जुळवताना. बाकी सगळीकडे लागतो तो थांबण्याचा गुण, आणि तो कुठल्याच परीक्षेने माझ्यात तपासला नाही.

जागा थोड्या, अर्ज ढीगभर. कुणाला तरी गाळावंच लागतं, आणि घड्याळाने गाळणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी भांडणाचं. हे मी समजू शकते. पण मग ती चाळणी आहे असंच म्हणावं. चाळणीतून खाली राहिलेल्या पोराला त्याची बुद्धी कमी आहे असं घरच्यांनी, क्लासवाल्यांनी सांगू नये. आमच्या अभ्यासिकेत पत्र्याखाली माझ्यासोबत बसणारी किती तरी हुशार मुलं हेच ऐकून ऐकून गावी परत गेली.

घड्याळ खरोखर कामाचं असतं अशा परीक्षाही आहेत. माझा मामेभाऊ रेल्वेत सहायक लोको पायलट आहे. २०१८च्या भरतीत त्याने पहिली परीक्षा दिली ती ७५ प्रश्न, ६० मिनिटं. दुसरी दोन भागांची: एक ९० मिनिटांत १०० प्रश्नांचा, दुसरा त्याच्या ट्रेडचा, ६० मिनिटांत ७५ प्रश्नांचा. आणि मग २०१९ ला संगणकावरची अभियोग्यता चाचणी, जिला मुलं सायको टेस्ट म्हणतात. ती त्याच्याकडून ऐकली तेव्हा मी चकित झाले. तिथे गणित नाही, सामान्य ज्ञान नाही. इमारतींचा एक नकाशा ठरावीक वेळ दाखवतात आणि मग तो काढून घेऊन कोणती इमारत कुठे होती ते विचारतात. विटांची रचना दाखवून एका विटेला किती विटा लागून आहेत ते मोजायला लावतात. सूचना पाळण्याची, एकाग्रतेची, नजरेच्या वेगाची अशा मिळून पाच चाचण्या, प्रत्येकीची वेळ वेगळी. पाचांपैकी प्रत्येकीत किमान ४२ टी-स्कोअर, म्हणजे इतरांच्या तुलनेत काढलेला गुणांक, लागतो. एकीतही कमी पडला तर संपलं, आणि त्यात कुठल्याच प्रवर्गाला सवलत नाही. चुकीच्या उत्तराला गुण मात्र कापत नाहीत.

तो म्हणाला, "ताई, गाडी ताशी शंभरने चालली की सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. सिग्नल दिसला की आम्ही दोघंही मोठ्याने पुकारतो. मला रंग ओळखायला दहा सेकंद लागले तर गाडी पाव किलोमीटर पुढं गेलेली असते." हे ऐकल्यावर त्या चाचणीच्या घड्याळाबद्दल माझी काही तक्रार राहिली नाही. तिथे जे मोजतात तेच कामाला लागतं.

दुसऱ्या टोकाला खासगी कंपन्यांच्या चाचण्या. बहिणीच्या शेजारचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. त्याला एका परदेशी कंपनीसाठी अशी एक द्यावी लागली: १५ मिनिटांत ५० प्रश्न, शब्द, आकडे, आकृत्या सगळं मिसळून. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची वंडरलिक नावाची चाचणी तर अमेरिकेत कित्येक दशकं चालत आली आहे. तो बिचारा अर्धे झाले म्हणून रडकुंडीला आला होता. मी त्याला सांगितलं की या चाचण्यांत सगळे ५० सोडवणारा क्वचितच सापडतो आणि गुण इतरांच्या तुलनेत बघतात. त्याला पुढच्या फेरीला बोलावलं.

आता जे लिहिणार आहे ते कित्येक दिवस मनात आहे. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा होता, उजव्या हातात लहानपणापासून ताकद नसलेला. त्याला लेखनिक आणि तासाला २० मिनिटं जादा मिळायची. म्हणजे ४५ मिनिटांच्या परीक्षेला १५ मिनिटं. पाठीमागे मुलं म्हणायची, "याचं बरंय, बसल्या जागी पंधरा मिनिटं." मीही तेव्हा गप्प बसायचे. एक दिवस सरावासाठी त्याची लेखनिक म्हणून बसले. त्याला मी प्रश्नावरून पुढे न्यायचं, तो सांगेल तो पर्याय निवडायचा. कच्चं काम त्याला कागदावर करता येत नव्हतं. आठ माणसांचं गोल टेबल तो डोळे मिटून मनात मांडायचा, आणि मध्येच मला म्हणायचा, "क कुठे बसवला होता ते सांग." मला तो 'क' सापडेपर्यंत पाच सेकंद जायची. ती पाच सेकंद त्याच्या खात्यातून जात होती. तासाभरात मला कळलं की त्याला मिळालेली १५ मिनिटं कधीच खर्च झालेली असतात.

२०१३ साली केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत 'जादा वेळ' हा शब्दच बदलून 'भरपाईचा वेळ' म्हणायला सांगितलं आहे, आणि २०१८च्या सूचनांतही तेच आहे: तासाला किमान २० मिनिटं. शब्दाने फार फरक पडतो. जादा म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं घेतलेलं. भरपाई म्हणजे स्वतःचं गेलेलं परत मिळालेलं. २०२१च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्वाच्या दाखल्यापुरती अडवून धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर २०२२ मध्ये ४० टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण असलेल्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी अर्ज भरतानाच त्या रकान्याकडे नीट लक्ष द्यावं. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर विनवण्या करून काही होत नाही. डॉक्टरचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. आमच्या त्या मित्राचं एक वर्ष नुसत्या नमुन्यापायी गेलं. आज तो नोकरीत आहे. त्याच्यासमोर मी एकदा माझ्या त्या गप्प बसण्याची माफी मागितली.

हे सगळं मी भाचीला एका दमात सांगितलं नाही. ओट्यापाशी उभ्या असलेल्या मुलीला त्या क्षणी पोहे लागतात. पण दुपारी अण्णा जेवून बसले होते, तेव्हा ती आपणहून त्यांच्यापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "अण्णा, मावशीचे सेकंद लिहायचात तसे माझे लिहिता का?" अण्णा आता बहात्तरचे आहेत. नजर अधू झाली आहे. घड्याळ मात्र तेच, मनगटावर सैल झालेलं. त्यांनी चष्मा पुसला, घड्याळाला चावी दिली.

तीन आठवडे झाले या गोष्टीला. काल परत रविवार होता. ३५ प्रश्न, २० मिनिटं. मी आत कणीक मळत होते, कान बाहेर. पाचव्या-सहाव्या मिनिटाला तिचा आवाज आला, "हा राहू दे." मग थोड्या वेळाने परत, "हापण." वेळ संपल्यावर अण्णांनी वही पुढे केली. १९ सोडवलेले, त्यातले १७ बरोबर. ९ खूण करून मागे टाकलेले. ७ पर्यंत ती पोचलीच नव्हती.

"ह्ये नऊ कुठं लिहिलेस?" अण्णांनी विचारलं. तिने वहीचं पान उलटं केलं. मागच्या बाजूला नऊ आकडे होते, एका खाली एक.

अण्णांनी घड्याळ मनगटावरून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "आता येळ नाही लावायचा," ते म्हणाले. "सांग, पहिला कुठं अडला."